उड्डाणाची दिशा आणि उंची : एका संकेताचा इतिहास

बारामती-फलटण मार्गावरील सांगवी गावावरून एक लहान विमान सोलापूरकडे निघाले आहे आणि त्याच वेळी दुसरे सोलापूरहून इकडे येत आहे, अशी कल्पना करावी. रस्त्यावर दोन वाहनांना डावी बाजू पुरते. आकाशात रस्ता नाही, म्हणून तेथे बाजूचे कार्य उंचीकडे सोपविण्यात आले.

डोळ्यांनी पाहून उड्डाण करणाऱ्या वैमानिकासाठी हा नियम साधा आहे. चुंबकीय उत्तरेपासून मोजलेला मार्ग ० ते १७९ अंशांत असल्यास विषम हजार अधिक ५०० फूट, आणि १८० ते ३५९ अंशांत असल्यास सम हजार अधिक ५०० फूट उंची घ्यावी. जमिनीपासून ३,००० फुटांच्या वर हा नियम लागू होतो. त्यानुसार सोलापूरकडे जाणाऱ्याने ५,५०० फूट घ्यावेत, तर परतणाऱ्याने ६,५००. पूर्ण हजारांच्या पातळ्या उपकरणांच्या आधारे उडणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात.

या व्यवस्थेस आंतरराष्ट्रीय अधिष्ठान मिळाले ते ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारामुळे. भारत या करारावर सही करणाऱ्या राष्ट्रांपैकी एक होता. कराराचे हवाई नियमांविषयीचे दुसरे परिशिष्ट १९४८ साली स्वीकारले गेले. ब्रिटनमध्ये मात्र २०१५ पर्यंत वर्तुळाचे दोन नव्हे, चार भाग करण्याची पद्धत प्रचलित होती. यावरून हे स्पष्ट होते की, पूर्वेचा विषम संख्येशी कोणताही नैसर्गिक संबंध नाही. शब्द आणि अर्थ यांच्याप्रमाणेच हा संबंधही केवळ संकेताने सिद्ध झालेला आहे; आणि संकेत सर्वांनी सारखाच पाळला, तरच तो अर्थवाही ठरतो.

येथील उंची ही प्रत्यक्षात हवेच्या दाबाचे वाचन होय. उंचीमापकावर दाबाची मांडणी एका हेक्टोपास्कलने चुकली, तर सुमारे ३० फुटांचे अंतर पडते. दोघांचे उंचीमापक भिन्न दाबावर लावलेले असतील, तर ‘५,५००’ हा एकच आकडा दोन निरनिराळ्या उंचींचा वाचक होतो.

संकेताच्या मर्यादाही इतिहासाने दाखविल्या आहेत. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर २१,००० फुटांवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ माणसे मृत्यू पावली. दोन्ही विमाने लॉस एंजेलिसहून पूर्वेकडेच जात होती. अर्धवर्तुळाचा नियम समोरासमोरच्या विमानांना वेगळे करतो. एकाच अर्धात परस्परांस छेदणाऱ्या मार्गांना नव्हे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ नियंत्रकाने सौदी विमानास १४,००० आणि कझाक विमानास १५,००० फूट उंची दिली होती. कझाक विमान दिलेल्या पातळीखाली उतरले आणि ३४९ जण मरण पावले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत त्या वैमानिकवर्गाच्या इंग्रजीच्या अपुऱ्या आकलनाचाही विचार झाला. आकडे निर्दोष होते. ते सर्वांपर्यंत एकाच अर्थाने पोहोचले नाहीत.

शिवाय, नियमानुसार घेतलेली उंची सुरक्षित असेलच असे नाही. कोकण किनाऱ्यावरून पूर्वेस येणाऱ्यास ३,५०० फूट ही नियमसंमत उंची आहे. परंतु वाटेतील तोरणा १,४०३ मीटर, म्हणजे सुमारे ४,६०० फूट उंच आहे. संकेत माणसांनी आपापसांत केलेला असतो. डोंगर त्या करारात सहभागी नसतो. म्हणूनच वैमानिकाने आधी भूभागाची उंची पाहावी, नंतर दिशेनुसार आकडा निवडावा आणि त्यानंतरही नजर बाहेर ठेवावी, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.