माणसांचं सरकार आणि माणसांची भीती

स्वातंत्र्याचं रक्षण कोण करतं, असं विचारलं की आपण पटकन सांगतो, राज्यघटना. हे उत्तर आज जरा तपासून पाहू.

१७८७-८८ साली अमेरिकेची नवी घटना मंजूर व्हावी म्हणून जेम्स मॅडिसन न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत टोपणनावानं लेख लिहीत होते. मुद्दा साधा होता. राज्य करणारीही माणसंच. लोभ आणि महत्त्वाकांक्षा त्यांनाही सुटलेल्या नाहीत. म्हणून सत्तेचे वाटे करायचे, आणि एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेनं लगाम घालायचा. सज्जन राज्यकर्ता मिळेल या भरवशावर राहायचं नाही.

पण या हिशोबात एक गोष्ट कमी पडते, ती म्हणजे भीती. घाबरलेला माणूस स्वतःचा अधिकारही वापरत नाही.

आपल्याकडे हे १९७६ साली दिसलं. आणीबाणीत हजारो माणसं खटल्याविना तुरुंगात होती. आपली अटक कायदेशीर आहे का, एवढंच त्यांना न्यायालयात विचारायचं होतं. नऊ उच्च न्यायालयांनी हा हक्क मान्य केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पोलिसानं वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर काय, असं न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारलं. आणीबाणी असेपर्यंत दाद मागता येणार नाही, असंच सरकारचं उत्तर होतं! २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी सरकार जिंकलं. तो एक म्हणजे खन्ना. पुढे जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं गेलं, आणि खन्नांनी राजीनामा दिला.

आता बघा, घटना पाचही जणांसमोर एकच होती. सत्तेचे वाटेही जागेवर होते. फरक माणसांत होता.

बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत हेच बजावलं होतं. इतिहासकार ग्रोट यांचा आधार घेऊन ते म्हणाले की घटनात्मक नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. पुढच्या वर्षी, २५ नोव्हेंबरला, त्यांनी राजकारणातल्या भक्तीचा धोकाही सांगितला. भक्ती आणि भीती, दोन्हींचा परिणाम एकच. माणूस प्रश्न विचारायचं सोडतो.

मग रचना निरुपयोगी का? तसं नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं तो जुना निकाल रद्द ठरवला. जुन्या बहुमतात यशवंत चंद्रचूड होते. तो चुकीचा होता असं लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय. म्हणजे रचना चूक दुरुस्त करते, पण इथे तिला ४१ वर्षं लागली. ज्यांनी ते महिने कोठडीत काढले, त्यांना ते कुणी परत दिले नाहीत.

तेव्हा मॅडिसनचा लगाम हवाच. पण तो वेळेवर ओढणारा हात सवयीनं तयार होतो. शाळेत, ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत, जिथे जिथे आपण निर्भयपणे 'का?' विचारतो, तिथे.