आजोबांची थ्री-नॉट-थ्री

आमच्या घरात एक दंतकथा होती. आईच्या माहेरी, म्हणजे गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव बांधच्या अलीकडच्या एका गावात, आजोबांच्या खोलीत खुंटीला एक रायफल टांगलेली असायची. ती "थ्री-नॉट-थ्री". उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी मावस-मामे भावंडं तिच्याकडे लांबूनच बघायचो. हात लावायची कुणाची टाप नव्हती. पुण्यात इंजिनिअरिंगला आल्यावर हॉस्टेलमध्ये मी ही थ्री-नॉट-थ्री सांगून किती भाव खाल्लाय ते माझं मला माहीत :)

गेल्या वर्षी आजोबा गेले. लायसन्सधारक वारला की हत्यार घरात ठेवता येत नाही, ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करावं लागतं. मग वारसांनी ठरवायचं, कुणाच्या नावावर अर्ज करायचा की विकून टाकायची. मामांना ठेवायची होती, आईला ती घरात नकोच होती, आणि "तू शिकलेला आहेस, कागद बघ" म्हणून फाईल माझ्या गळ्यात पडली. शनिवारी रात्री फाईल उघडली. वर भंडारा कलेक्टर ऑफिसचा शिक्का, कारण गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. त्याखाली हत्याराचं वर्णन: रायफल, .३१५ बोअर.

पॉइंट तीनशे पंधरा! म्हणजे माझी हॉस्टेलमधली इज्जत गेलीच की. मामांना फोन केला. "मामा, ही थ्री-नॉट-थ्री नाहीच आहे." ते म्हणाले, "अबे, मले नको शिकवू." मग दोन-तीन वीकेंड ह्यातच गेले. जे सापडलं ते इथे लिहून ठेवतो.

मंडळी, पहिली गोष्ट म्हणजे आजोबांकडे .३०३ असणं जवळजवळ अशक्यच होतं. .३०३ हे ब्रिटिश लष्कराचं माप, १८८८ पासूनचं. आणि हिंदुस्थानात इंग्रजांना १८५७ नंतर एक धास्ती कायमची बसली होती, की फौजेचं काडतूस फौजेबाहेरच्या बंदुकीत बसता कामा नये. बसलं तर कोठारातून चोरलेली प्रत्येक पेटी उद्या आपल्यावरच उलटणार. १८७८ च्या शस्त्र कायद्याने लायसन्स आणलं. पण नुसत्या लायसन्सने भागणार नव्हतं, म्हणून माप बघून बंदी आली.

ह्यातली सगळ्यात गाजलेली बंदी १९०७ ची. तेव्हा .४५० हे वाघ-गव्यासारख्या मोठ्या शिकारीचं लाडकं माप होतं. पण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींची गोळीही .४५० ची, आणि त्या रायफली वायव्य सरहद्दीवर टोळीवाल्यांच्या हातात मुबलक. शिकारी काडतुसातली गोळी काढून तिकडे वापरता येईल ह्या भीतीने सरकारने .४५० ची आयात बंद केली. लंडनच्या बंदूकवाल्यांचं हिंदुस्थानातलं गिऱ्हाईक मोठं. त्यांनी काय केलं? .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी भावंडं बाजारात उभी केली. काम तेच, मार तोच, फक्त आकडा सरकारी यादीत नसलेला. आम्ही सॉफ्टवेअरवाले फायरवॉलने एक पोर्ट बंद केला की शेजारचा उघडतो, अगदी तसंच. आज जगभरचे शौकीन .४७० चं कौतुक करतात, पण त्याचं नशीब उघडण्यात सरकारच्या एका फतव्याचा मोठा हात आहे.

जिम कॉर्बेटची रायफलही ह्याच काळातली. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये त्याला भेट मिळालेली रिग्बी .२७५. नाव इंग्रजी, पण आत काडतूस जर्मन माउझरचं ७ मिलिमीटर, ज्याने बोअर लोकांनी इंग्रजांनाच सळो की पळो केलं होतं. हिंदुस्थानी फौजेत ते नव्हतं, म्हणून चाललं. .३१५ चीही तीच गत. हे मूळचं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं मानलिखर काडतूस, ८ मिलिमीटरचं. तिकडे लष्करी, इकडे निरुपद्रवी! बीएसए कंपनीने त्या मापाच्या शिकारी रायफली हिंदुस्थानसाठी बनवल्या, आणि स्वातंत्र्यानंतर तीच गादी ईशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीने पुढे चालवली.

आणि इथेच मामांचा घोळ सुटतो. ईशापूरला फौजेसाठी ली-एनफिल्ड .३०३ बनायची. .३१५ साठी त्यांनी वेगळी यंत्रणा थोडीच शोधली? बोल्ट त्याच घराण्याचा, ठेवण तीच, खटका तसाच. पोलिसाच्या खांद्यावरची आणि आजोबांच्या खुंटीवरची, दोन्ही लांबून सारख्याच. गावाने थ्री-नॉट-थ्री म्हटलं ह्यात गावाची चूक नाही.

आता प्रश्न असा की ह्यात आजोबांचं नुकसान झालं का? हरणासाठी .३०३ जास्त चांगली होती का? इंजिनिअर आहे, गणित केल्याशिवाय राहवत नाही. .३०३ ची १९१० नंतरची लष्करी गोळी ११.३ ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण ७४४ मीटर. अर्धा एम व्ही वर्ग, आले ३१२७ ज्यूल. मूळ ऑस्ट्रियन ८ मिलिमीटरची गोळी १५.८ ग्रॅमची, वेग ६२० मीटर. आले ३०३७. फरक तीन टक्के! अमेरिकन ३०-०६, जी आपल्याकडे नागरिकांना चालते आणि जिच्यासाठी शौकीन लोक जीव टाकतात, तिच्या १९०६ च्या मूळ गोळीचे ३२८५ च्या आसपास. म्हणजे चहाच्या टपरीवर तासन् तास वाद घालावा असं ह्यात काही नाही.

हलकी वेगवान गोळी लांबवर सरळ जाते हे खरं. पण नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा, लांबवर दिसतंय कुठे? बांबू, साग, ऐन, मध्येच तलावाचा काठ. चितळ दिसलं तर पन्नास-साठ पावलांवर, नाहीतर नाहीच. तिथे जड गोळी चालून जाते.

खरा फरक गोळीच्या नाकात असतो. लष्करी गोळी पूर्ण धातूने मढवलेली. ती हरणातून आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन मैलभर पळतं. शिकारी गोळीचं टोक मऊ शिशाचं, ते आत गेल्यावर फुलतं आणि जनावर जागेवर पडतं. (ह्या फुलणाऱ्या गोळीचं "दमदम" हे नाव कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यावरून पडलं. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात तिला बंदी घातली. माणसाला मारायला क्रूर म्हणून बंद, जनावराला मारायला दयाळू म्हणून चालू. असो.)

आता आईने सांगितलेली गोष्ट. आजोबांनी रायफल घेतली १९६४ ला. त्याआधी ते मित्राची बारा बोअर मागून न्यायचे. एकदा मचाणावरून त्यांनी एका सांबरावर एल.जी.चे छर्रे झाडले. सांबर म्हणजे दोन-अडीचशे किलोचा ऐवज, चितळाच्या तिप्पट. ते बसलं, उठलं आणि गेलं. आजोबा आणि गावातला एक माग काढणारा गडी दोन दिवस रक्ताच्या थेंबांमागे फिरले. तिसऱ्या दिवशी माग एका बोडीच्या चिखलात संपला. सांबर सापडलं नाही. आजोबा घरी येऊन जेवले नाहीत म्हणे. त्यानंतर त्यांनी लायसन्ससाठी अर्ज केला. मला वाटायचं रायफल ही मालगुजारी थाटाची हौस होती. फाईलमधल्या अर्जात कारण लिहिलंय "शेतीचे संरक्षण", तेही खोटं नाही, रानडुकरं धान खातातच. पण ते सांबर अर्जात कुठे लिहिणार?

रायफल शिकारीला फार वर्षं वापरलीच गेली नाही. १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झालं, १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार एका दिवसात संपली असं आपण समजतो, पण त्या कायद्यात शिकारीच्या लायसन्सची तरतूद होती. ती गेली १९९१ च्या दुरुस्तीने. आजोबांनी मात्र १९७२ नंतर एकही हरीण मारलं नाही. रायफल खुंटीवरून उतरायची ती दर निवडणुकीला, ठाण्यात जमा करण्यापुरती.

एक गोष्ट मात्र मला अजून खुपते. पेटीत सात काडतुसं निघाली. बुडावर अक्षरं "के.एफ.", म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकी. मी रोज तिथून जातो! आणि उत्तरेतल्या गुन्ह्यांच्या बातम्या वाचल्यात तर हीच अक्षरं दिसतील. "३१५ बोअर का कट्टा" म्हणतात तो ह्याच काडतुसावर चालतो. फौजेचं काडतूस गुन्हेगाराच्या हाती पडू नये म्हणून जे नागरी माप रूढ झालं, ते नागरी म्हणूनच सहज मिळतं, आणि गावठी नळीत तेच बसतं. तिकडे .३०३ बिचारी उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला समारंभाने निवृत्त केली.

शेवटी आईचं चाललं. रायफल एका डीलरकडे विकायची ठरली. मी आणि मामा ठाण्यात कागद घेऊन गेलो. हवालदारसाहेबांनी ती उचलून न्याहाळली आणि मामांना म्हणाले, "थ्री-नॉट-थ्री दिसते." मामांनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि म्हणाले, "हो साहेब."

मी काही बोललो नाही. रजिस्टरमध्ये .३१५ च लिहिलंय ना, तेवढं बघून घेतलं.