गच्चीवरचं ऊन

एडिसननं 1882 साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर कोळशावरचं वीजकेंद्र सुरू केलं, हे आपण कुठेतरी वाचलेलं असतं. पण दोनच वर्षांनी त्याच शहरात चार्ल्स फ्रिट्स नावाच्या गृहस्थानं गच्चीवर सौर पॅनेल लावली होती, हे मला अगदी अलीकडे कळलं. सेलेनियमचा थर आणि त्यावर सोन्याचा पातळ पापुद्रा. सोनं, बरं का! एवढं करून उन्हातला जेमतेम एक टक्का विजेत उतरायचा. अर्थातच कोळसा जिंकला.

आपल्या मुंबईचाही यात वाटा आहे. उच्च न्यायालयात नोकरी करणाऱ्या विल्यम अ‍ॅडम्सनं कुलाब्याला आरसे मांडून उन्हावर वाफेचं इंजिन चालवलं आणि 1878 मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. मात्र ही वीज नव्हे, उष्णता. गच्चीवरचे पाणी तापवणारे सोलर हीटर याच घराण्यातले. फ्रिट्सचं घराणं पुढे 1954 मध्ये बेल लॅबच्या सिलिकॉनपाशी पोचलं आणि एकाचे सहा टक्के झाले. आज चांगलं मोनो पॅनेल एकवीसच्या आसपास देतं.

ही दोन घराणी सध्या आमच्या पुण्याच्या गच्चीवर समोरासमोर उभी आहेत! आठ बिऱ्हाडांची इमारत. टाकी, लिफ्टची खोली आणि जुने हीटर वगळता उरतं पाचसहाशे चौरस फूट. लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांचं बिल सगळ्यांत वाटलं जातं, त्यामुळे प्रत्येकाला मत आहे.

एक कोटेशन स्वस्त, जुन्या पॉली पॅनेलचं, दुसरं मोनोचं. सगळे 'वॅटला किती रुपये' एवढंच विचारतात. शेतात तसं विचारावं, तिथे जागा पडलेली असते. गच्चीवर विचारायचं ते चौरस फुटाला किती वॅट. मोनोचं 550 वॅटचं पॅनेल साधारण 28 चौरस फुटांचं. अशी दहा बसली तर साडेपाच किलोवॅट, म्हणजे दिवसाला सरासरी वीसबावीस युनिट. तेवढ्याच जागेत पॉलीचे साडेचारही होत नाहीत. (फ्रिट्सच्या पॅनेलचे पाव किलोवॅट झाले असते!)

त्याहून महत्त्वाची सावली. पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात, दिवाळीच्या दिव्यांच्या माळेसारखी. एकावर सावली आली की सगळ्या माळेला झळ. डायोडमुळे नुकसान कमी होतं, पण होतंच. पुण्यात डिसेंबरच्या भर दुपारी दहा फुटी टाकीची सावली उत्तरेकडे नऊ फूट जाते, सकाळ-संध्याकाळ तर विचारूच नका. कोटेशन देणाऱ्यांपैकी एकानंही डिसेंबरची सावली काढून दाखवली नाही.

आता तिसरा मजला म्हणतो, हीटर काढा, तिथेही पॅनेल लावू, गीझर विजेवर चालेल. मला हे पटत नाही. हीटर उन्हातली निम्मी तरी उष्णता पाण्यात उतरवतो. पॅनेल एक पंचमांशाची वीज करणार, आणि तिनं पुन्हा पाणीच तापवायचं? गळके असतील तेवढे दोन काढा, बाकीचे राहू देत.

रविवारी मतदान आहे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी वाळवणासाठी दक्षिणेचा कोपरा आधीच मागून ठेवलाय. नेमका तोच, जिथे दिवसभर सावली येत नाही.