पक्षाघातानंतरचे दूरस्थ पुनर्वसन

मेंदूची रक्तवाहिनी अडल्याने किंवा फुटल्याने पक्षाघात झालेल्या रुग्णाला, तो घरी परतल्यावर, व्हिडिओ कॉल, फोन किंवा संगणकावरील खास प्रणालीच्या साहाय्याने व्यायाम, हाताची कामे, बोलणे आणि रोजचे व्यवहार पुन्हा शिकवण्याची पद्धत. उपचारतज्ज्ञ दुसऱ्या गावी असतो. सराव मात्र रुग्णाच्या घरात, त्याच्याच खुर्चीवर आणि त्याच्याच ताट-वाटीने होतो.

पक्षाघातात मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मेंदूचे शाबूत राहिलेले भाग हरवलेले काम काही अंशी उचलतात, पण त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा, हेतुपूर्वक आणि हळूहळू अवघड करत करावी लागते. असा सराव महिनोन् महिने चालावा लागतो आणि रुग्णालयातला मुक्काम बहुधा थोड्या दिवसांचा असतो. घरी आल्यावर जिना, रिक्षाचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडणारी मजुरी यांपायी फिजिओथेरपीच्या फेऱ्या थांबतात. ज्या काळात सुधारणेला सर्वांत जास्त वाव असतो, तोच काळ असा वाया जातो.

या पद्धतीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतला आहे. स्टीव्हन क्रेमर यांच्या नेतृत्वाखाली 11 केंद्रांत झालेल्या आणि 2019 मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाताची ताकद कमी झालेले 124 रुग्ण होते. निम्म्यांनी दवाखान्यात, निम्म्यांनी घरी उपचार घेतले. दोन्ही गटांना सारखेच प्रमाण मिळाले : सहा ते आठ आठवड्यांत प्रत्येकी 70 मिनिटांची 36 सत्रे, त्यांतली निम्मी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि निम्मी स्वतःची स्वतः. घरच्या गटाकडे इंटरनेटने जोडलेला संगणक, टेबल आणि हाताने चालवायची खेळांची उपकरणे पाठवली होती. हाताच्या हालचाली 66 गुणांत मोजणाऱ्या फुगल-मायर मापनात दवाखान्याच्या गटाची सरासरी 8.36 गुणांनी आणि घरच्या गटाची 7.86 गुणांनी सुधारली. म्हणजे उपचाराची मात्रा पुरेशी असेल, तर जागा बदलल्याने फारसे बिघडत नाही. 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात 22 चाचण्या आणि 1,937 रुग्ण होते. दैनंदिन व्यवहारांच्या बाबतीत त्याचा कलही याच बाजूचा आहे. मात्र बऱ्याच चाचण्या लहान असल्याने आढावाकारांनी सावधपणे लिहिले आहे.

साधा स्मार्टफोनही पुष्कळ काम करतो, पण तो ठेवायचा कुठे हे महत्त्वाचे. समोर धरलेल्या फोनमध्ये चेहरा दिसतो, खांदा दिसत नाही. म्हणून फोन स्टुलावर, रुग्णाच्या बाजूला, कंबर ते डोके दिसेल असा उभा करतात. टेबलावर घडी केलेला टॉवेल ठेवून हाताने तो पुढे सरकवायला सांगितला, की बहुतेक रुग्ण कोपर सरळ करण्याऐवजी सारे धडच पुढे झुकवतात. घरच्यांना वाटते, जमले! पडद्यापलीकडच्या तज्ज्ञाला खरी चूक दिसते. तो पाठ खुर्चीला टेकवायला लावतो आणि अंतर अर्धे करतो. तेव्हा टॉवेल चार बोटेच सरकतो, पण त्या चार बोटांत कोपराने काम केलेले असते. देखरेखीचे मोल इथे आहे. ध्वनिचित्रफीत पाठवून दिली की काम झाले, असे नाही.

वाचाघाताच्या उपचाराला पडदा विशेष सोयीचा पडतो, कारण तिथे स्पर्शाची गरज कमी असते. हा सराव रुग्णाच्या घरच्या भाषेत व्हायला हवा. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी रुग्णाला मराठी बोलणारा तज्ज्ञ गाठून देण्याचा हा एक मार्ग आहे.

काही गोष्टी दुरून होत नाहीत. स्नायूंचा ताठरपणा हाताने हलवूनच नीट समजतो. गिळताना ठसका लागत असेल तर प्रत्यक्ष तपासणी हवी. तोल जाणाऱ्या रुग्णाच्या दुबळ्या बाजूला माणूस उभा असल्याशिवाय उभ्याने व्यायाम घेऊ नयेत. रुग्णाला उठवताना लुळा हात धरून ओढणे तर कटाक्षाने टाळावे. त्याने खांद्याला इजा होते आणि पुढे प्रत्येक व्यायाम दुखरा होतो. नव्याने अशक्तपणा आला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर सत्र तिथेच थांबवून 108 ला फोन करावा.

भारतात चेन्नईत सुरेशकुमार कमलाकण्णन यांनी ‘केअर फॉर स्ट्रोक’ हा स्मार्टफोनवरचा कार्यक्रम तपासला. 25 मार्च 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनी डॉक्टरांच्या दूरस्थ सल्ल्याला स्पष्ट चौकट दिली. मात्र इथे ‘अटेंड’ चाचणी विसरता येत नाही. भारतातल्या 14 रुग्णालयांतल्या 1,250 रुग्णांच्या या चाचणीत घरच्या माणसांना पुनर्वसन शिकवून पाहिले होते. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालानुसार सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्वाचे प्रमाण दोन्ही गटांत 47 टक्केच राहिले. ही चाचणी दूरस्थ पुनर्वसनाची नव्हती, तरी तिचा इशारा इथेही लागू पडतो : सून, मुलगा किंवा पत्नी यांच्यावर तज्ज्ञाचे काम सोपवून खर्च वाचवण्याचा मार्ग म्हणून फोनकडे पाहू नये. घरचे माणूस मदतनीस म्हणून लागतेच; योजना आखणे, चूक पकडणे आणि मात्रा वाढवणे हे प्रशिक्षित माणसाचेच काम आहे.

रुग्णाला घरी सोडण्याआधी नातेवाइकांनी तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : रोजचा व्यायाम किती, पुढचा व्हिडिओ कॉल कोणत्या तारखेला आणि प्रत्यक्ष तपासणी केव्हा.