सगळ्यांनी मिळून ठरवलेला शब्द

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात अठरा प्रवचने झाली. पुढे ती कितीतरी भारतीय भाषांत गेली. एकाने सांगायचे, दुसऱ्याने टिपायचे, बाकीच्यांनी आपापल्या भाषेत न्यायचे. मुक्त सॉफ्टवेअरचे मराठीकरण शिकू पाहणाऱ्यांच्या हाती ही पुस्तिका देताना मला तीच साखळी आठवते. जळगाव-धुळ्याच्या मुलांना हे काम पुण्या-मुंबईचे वाटते. तसे ते मुळीच नाही.

मुक्त सॉफ्टवेअर बदलायची आणि वाटायची मुभा त्याच्या परवान्यातच असते, म्हणून भाषांतर कोणीही सुरू करू शकतो. भाषांतरासाठी असलेल्या पीओ फायलीत वर मूळ इंग्रजी वाक्य असते, खाली मराठीसाठी रिकामी जागा. ती भरताना पहिली अडचण येते लिंगाची. इंग्रजी वाक्यात नाव नंतर येऊन बसेल अशी खूण असते. क्रियापदाला त्याची फिकीर नसते. मराठीत मात्र फाइल ‘काढून टाकली’, फोल्डर ‘काढून टाकला’, चित्र ‘काढून टाकले’. तिथे काय येणार हे आधी कळत नाही. मग वाक्यच फिरवावे लागते: ‘काढून टाकण्याचे काम पूर्ण’, आणि पुढे नाव. अशी वाक्ये घडवताना आपलेच व्याकरण नव्याने दिसते. या कामातला सर्वांत मोठा आनंद मला इथेच मिळाला.

दुसरी अडचण माणसांची. ‘सेव्ह’साठी एक जण ‘जतन करा’ लिहितो, दुसरा ‘साठवा’, तिसरा ‘सेव्ह करा’. तिन्ही बरोबर, पण एकाच मेनूत तिन्ही आले तर वापरणारा गोंधळतो. भारतीय भाषांतले असे नेहमीचे शब्द एकत्र बसून ठरवावेत, यासाठी 2008मध्ये फ्युएल प्रकल्प सुरू झाला. माझ्या मते भाषांतर गटाच्या संयोजकाने निवडलेल्या शब्दाशेजारी निवडीचे कारणही लिहून ठेवावे. परीक्षा आल्या की स्वयंसेवक जातात, नवे येतात. कारण लिहिलेले नसेल तर तोच वाद पुन्हा होतो. शिवाय मूळ वाक्य बदलले की जुने भाषांतर ‘फझी’ अशी खूण लागून परत येते. तेव्हा ते तपासायला आधीचे कोणीतरी टिकलेले असावे लागते.

खान्देशाचा म्हणून एक प्रश्न आहे, तो मी टाळणार नाही. 2011च्या जनगणनेत खान्देशी या भाषागटात अठरा लाखांहून अधिक लोकांची नोंद आहे; अहिराणीही त्यातच मोजली आहे. आयएसओच्या भाषायादीत अहिराणीला ‘एएचआर’ आणि खान्देशीला ‘केएचएन’ असे संकेतही आहेत. मग पडद्यावर ‘आहे’ऐवजी अहिराणीतले ‘शे’ का येऊ नये? यावे, असे माझे ठाम मत आहे. पण आधी चोपडा, शिरपूर, साक्री इथल्या बोलणाऱ्यांनी एकत्र बसून लेखन ठरवायला हवे. ते काम पुण्यात बसून होणारे नाही.

आज एकच फाइल उघडा. दहा वाक्ये मराठीत आणा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ते जिथे अडतील तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि ती खूण घेऊन पहिल्या प्रकरणाकडे या.