सेजविक वकिलांच्या दारात आलेली बेट

आज आम्ही अमेरिकेतल्या एका गावाकडच्या वकिलाची गोष्ट सांगणार आहोत. नाव थिओडोर सेजविक. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शेफील्ड गावी ते वकिली करायचे.

१७७३ साल. तिथं तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. जॉन अ‍ॅशले या बड्या जमीनदाराच्या माडीवर गावातली अकरा मंडळी जमली. सगळी माणसं समान आणि स्वतंत्र आहेत, असा ठराव त्यांनी केला. लिखाणाचं काम सेजविक यांच्याकडे होतं. त्याच घरात बेट नावाची आफ्रिकी वंशाची बाई राबत होती. ती अ‍ॅशलेंची गुलाम, म्हणजे गुराढोरांसारखी मालकीची! ठरावातल्या ‘सगळ्या माणसांत’ तिला कुणी धरलंच नव्हतं. आम्हाला याचं फार नवल वाटलं नाही. बैठकीत चहा देणाऱ्या बाईला तिचं मत कोण विचारतं?

पण बेटचे कान उघडे होते. एकदा मालकिणीनं चुलीतलं तापलेलं फावडं एका मुलीवर उगारलं. बेट मध्ये पडली आणि तिचा हात भाजला. तो व्रण तिनं कधी झाकला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, मालकिणीलाच विचारा.

१७८० साली राज्याची नवी घटना आली. सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असं तिच्यातही लिहिलं होतं. मग बेट सेजविक वकिलांकडे गेली. हा कायदा मला का लागू नाही, हा तिचा सवाल होता. ज्यांच्या माडीवर बसून ठराव लिहिला, त्याच अ‍ॅशलेंविरुद्ध आता उभं राहायचं होतं. सेजविक यांनी खटला घेतला, हा त्यांचा मोठेपणा. सोबत ब्रॉम नावाचा गुलामही वादी होता. ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात पंचांनी दोघांना स्वतंत्र ठरवलं आणि ३० शिलिंग भरपाई दिली.

अ‍ॅशलेंनी पगार देतो म्हणून परत बोलावलं. बेट गेली नाही. तिनं एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं आणि सेजविक यांच्या घरी पगारी काम धरलं.

पुढे सेजविक खूप वर चढले. खासदार झाले, १७९९ साली प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष झाले, शेवटी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश. राजकारणासाठी ते महिनोन्‌महिने परगावी असायचे. घरी पत्नी पामेला मनाच्या आजारानं खचत गेल्या. मुलांना, आजारी बाईंना बेटनंच सांभाळलं. सेजविक यांच्या थोरवीचा हिशेब मांडताना हे श्रमही धरावेत, असं आम्हाला वाटतं.

बेट सुईणपणही करायची. साठवलेल्या पैशातून तिनं स्वतःचं घर घेतलं. १८२९ साली ती वारली. तिला सेजविक घराण्याच्याच दफनभूमीत पुरलं. लिहिता येत नव्हतं, म्हणून मृत्युपत्रावर तिनं सहीच्या जागी फुली मारली होती.