मोड, मोबदला आणि टीव्हीवरचा खेळ

आज एका खेळण्याचा इतिहास सांगायचा आहे. टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमचा. तो जन्मला कसा, हे अनेकांनी सांगितलं आहे. तो जुना झाल्यावर त्याचं काय होतं, हे मला सांगायचं आहे. शहरातला मुलगा जुना गेम दुकानदाराला देतो, वर थोडे पैसे टाकतो आणि नवा घेऊन घरी जातो. त्याच्यापुरती गोष्ट तिथे संपते. आमच्या अर्जुनी मोरगावसारख्या गावात ती तिथून सुरू होते.

जुनं देऊन नवं घेणं ही आपल्याकडची जुनीच रीत. आमचा तालुका आज गोंदिया जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ रोजी हा जिल्हा वेगळा झाला, तोवर आम्ही भंडाऱ्याचे होतो. आणि भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव. धान विकून हाती पैसा आला की फुटका गुंड कासाराकडे जायचा. तो गुंड तराजूत टाकायचा, मोडीचा भाव लावायचा आणि तेवढी रक्कम नव्या गुंडाच्या किमतीतून वजा करायचा. ही झाली मोड. यात वस्तूला मोल असतं ते फक्त तिच्या धातूचं. गुंडावर कोरलेलं आजीचं नाव, लग्नाची तारीख, सगळं भट्टीत वितळून जातं. ‘मोडीत काढणे’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं हेच म्हणत असतो.

दुसरी रीत बोहारणीची. पुण्या-मुंबईच्या चाळींतून ती जुनी लुगडी, शर्ट घेऊन नवं पातेलं द्यायची. ते कापड ती वितळवत नव्हती. धुऊन, सांधून ते बाजारात जायचं आणि कुणाच्या तरी अंगावर पुन्हा नांदायचं. घासाघीस व्हायची ती कापडात अजून किती जीव उरला आहे, यावर. मोडीत वस्तू मरते, बोहारणीकडे ती घर बदलते. हा फरक ध्यानात ठेवा. पुढच्या साऱ्या गोष्टीचा तो पाया आहे.

‘मोबदला’ हा आपला रोजचा शब्द अरबीतल्या ‘बदल’पासून आला. एकाच्या जागी दुसरं येणं, हा त्याचा मूळ अर्थ. शब्दसुद्धा घर बदलतात, आणि मराठीच्या घरात हा इतका रुळला की त्याला कुणी परका म्हणत नाही.

१९८२च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही देशात आला. पुढे १९९०च्या दशकाच्या मध्यात ‘अकाई’ या जपानी नावाच्या टीव्हीने ‘जुना द्या, नवा घ्या’ ही योजना देशभर गाजवली. वर्तमानपत्रांची पानंच्या पानं त्या जाहिरातींनी भरलेली असत. शहरातल्या घरांतून गोळा झालेल्या जुन्या संचांना दुरुस्त करून लहान गावांची वाट दाखवली जाई. ज्या घराला नवा संच परवडत नव्हता, त्या घरात पहिला टीव्ही असा आला. शहराचं जुनं ते गावाचं नवं झालं.

टीव्ही आला, मग त्याच्या मागोमाग खेळ आला. घरच्या टीव्हीवर खेळायचं पहिलं यंत्र, ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’, अमेरिकेत १९७२ साली बाजारात आलं. पण आपल्याकडच्या मुलांचा खरा पूर्वज जपानी. निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये ‘फॅमिकॉम’ हे यंत्र काढलं. मूळ यंत्र आपल्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पाहिल्या त्या त्याच्या नकला. मीडिया, लिटल मास्टर अशी नावं खोक्यांवर असत. कॅसेटवर शेकडो खेळांचा आकडा छापलेला असे आणि प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा येत. कॅसेट चालली नाही की पोरं तिच्यात फुंकर मारायची.

या नकलांचा एक गुण मात्र कुणी फारसा सांगत नाही. यंत्राचं नाव कुठलंही असो, कॅसेटची खाच बहुधा एकाच मापाची होती. त्यामुळे एकाची कॅसेट दुसऱ्याच्या यंत्रात बसायची. अदलाबदल शक्य झाली ती या मापामुळे. एका गल्लीत चार पोरांकडे चार कॅसेट असल्या की प्रत्येकाकडे चारही खेळ असायचे. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री झाडीपट्टीची नाटकं होतात. त्या दिवसांत पाहुणा म्हणून आलेला मुलगा खिशात एक कॅसेट घेऊन यायचा आणि जाताना दुसरीच घेऊन जायचा. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. पैशाचा व्यवहार नाही, पावती नाही, निव्वळ मोबदला.

माप बदललं की काय होतं, हेही याच काळात दिसलं. निन्टेन्डोने १९९० मध्ये नवं यंत्र आणलं, त्यात जुन्या कॅसेट चालत नव्हत्या. याउलट सोनीने मार्च २००० मध्ये आणलेल्या ‘प्लेस्टेशन २’वर आधीच्या यंत्राच्या तबकड्याही चालत. त्यामुळे नवं आल्यावर जुन्याची किंमत एकदम शून्य झाली नाही. हे यंत्र जगभरात पंधरा कोटींहून अधिक विकलं गेलं आणि तेरा वर्षांनी, २०१३च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन थांबल्याचं जाहीर झालं.

जुन्या खेळांचा रीतसर धंदा परदेशात उभा राहिला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९८८ साली ‘फंकोलँड’ सुरू झालं. ती दुकानं जुने खेळ विकत घेत आणि भावांच्या छापील याद्या ठेवत. रोख कमी मिळे. त्याच दुकानातून दुसरं काही घेतलं तर मोबदला जास्त. आपल्या बोहारणीचंच हे दुकानी रूप!

खेळ बनवणाऱ्या कंपन्यांना मात्र हे खुपू लागलं. एकच तबकडी चौघांनी खेळली तर आम्हाला पैसे एकदाच मिळतात, ही त्यांची तक्रार. जपानमध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २५ एप्रिल २००२ रोजी न्यायालयाने निकाल दिला : खेळाची प्रत एकदा विकली की ती पुढे कुणाकडे जावी, हे ठरवण्याचा कंपनीचा हक्क संपला. अमेरिकेत पुस्तकांच्या बाबतीत हेच तत्त्व १९०८ साली मान्य झालं होतं. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या ‘एक्सबॉक्स वन’साठी जुन्या खेळांवर बंधनं आणायचं ठरवलं. खेळणारे इतके खवळले की महिन्याभरात, जूनमध्ये, कंपनीला तो बेत मागे घ्यावा लागला.

पण न्यायालयात आणि चव्हाट्यावर जे हरलं, ते मागल्या दाराने आलंच. २०२० साली आलेल्या ‘प्लेस्टेशन ५’चा एक प्रकार असा होता की त्यात तबकडी घालायला जागाच नव्हती. खेळ इंटरनेटवरून उतरवायचा. तो तुमच्या खात्यावर राहतो. तुम्ही पैसे पूर्ण भरता, पण मावसभावाला देता येईल असं हातात काहीच येत नाही. आता यंत्र विकलं, तरी त्यासोबत खेळ जात नाहीत. तीन घरं फिरून आलेल्या खेळावर पहिल्यांदा हात ठेवणाऱ्या आमच्याकडच्या मुलाची वाट इथे बंद होते. याची बातमी कुठे छापून येत नाही, कारण त्या मुलाचं नाव कुठल्याच ग्राहक यादीत नसतं.

आणि यंत्राचा शेवट? १९८३ साली धंदा कोसळला तेव्हा अमेरिकेच्या अटारी कंपनीने न विकलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या कचराभूमीत पुरल्या होत्या. २०१४ मध्ये त्या उकरून काढल्या गेल्या. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२३ पासून आलेल्या नव्या नियमांनी व्हिडिओ गेमसारख्या खेळण्यांनाही यादीत घेतलं आणि त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकली. कायदा चांगला आहे. पण जी वस्तू हात बदलत आमच्या गावी पोचली, तिचा उत्पादक इथे भेटणार कुठे? ती जाते भंगारवाल्याच्या हातगाडीवर. तिच्यातलं तांबं निघतं आणि शिसं मातीत उरतं. ही मोडच, फक्त इथे तराजू लावायला कासार नाही.

प्रतापगडला महाशिवरात्रीची यात्रा भरते. तिथे महादेवाचं ठाणं आहे, ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. दोन्हीकडे माथा टेकून माणसं खेळण्यांच्या दुकानांपुढे थांबतात. तिथला बाप खेळणं उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, ‘टिकेल ना?’ मोठ्याचं झालं की धाकट्याला होईल, हा त्याचा हिशेब असतो. शहरातल्या झगमगत्या दुकानात नवा गेम घेणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. किंमत विचारून झाली की त्या बापासारखा आणखी एक प्रश्न विचारा : माझं खेळून झाल्यावर हे मला दुसऱ्या कुणाला देता येईल ना?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)